अंगणवाडीत गप्प, घरी बडबड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

आदिवासी भागातल्या अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या सदराकडे पत्रं येतात ती आहार, झोप, हट्ट, लसीकरण अशा सगळ्या विषयांवर. पण धारणी, धडगाव, डहाणू, भामरागड, कर्जत या भागांतल्या पत्रांत एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारलेली असते : मुलाला अंगणवाडीत पाठवायचं, तर घरचं काय काय बाहेर ठेवून यायचं? बोली, नाव, गळ्यातली माळ, डब्यातली भाकरी. हा गोंधळ इतक्या वेळा आला आहे की या वेळी ती सगळी पत्रं एकत्र घेते.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत चार वर्षांची कोरकू मुलगी आहे. दोन महिने झाले, तोंडातून शब्द नाही. तक्त्यावरची चित्रं विचारली तर नुसती बघत राहते. वरून सांगण्यात आलं की मंद दिसते, तशी नोंद करून ठेवा. शहरातल्या एका केंद्राने आईवडिलांना बोलण्याच्या थेरपीचं सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलं आहे. (सेविका, धारणी तालुका)

तशी नोंद अजिबात करू नका, ताई. ‘मंद’ हा शब्द एकदा कागदावर चढला की तो पहिलीच्या वर्गापर्यंत मुलीच्या मागे जातो.

आज संध्याकाळीच तिच्या घरी जा. ती भावंडांशी भांडते का, आजीकडे काही मागते का, शेळीला हाका मारते का, एवढंच बघा आणि आजीला विचारा. घरी ती कोरकूत पूर्ण वाक्यं बोलत असेल, तर तिचं बोलणं शाबूत आहे. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली भाषा आहे, तिचं नातं झारखंडकडच्या संथाळी-मुंडारी भाषांशी. कोरकूत पाणी म्हणजे ‘डा’. तुम्ही ‘पाणी पी’ म्हणता तेव्हा तिला अर्थ कळतो तो तुमच्या हातातल्या पेल्यावरून. नव्या भाषेत येऊन पडलेलं लहान मूल आधी ऐकत राहतं, काही आठवडे, कधी काही महिने. ते इतरांचं बघून रांगेत बसत असेल, खेळत असेल, खुणेने सांगितलेलं करत असेल, तर त्याचं शिकणं चालू आहे.

आता दुसरी बाजू, आणि इथे उशीर नको. मूल घरीसुद्धा, आपल्या भाषेतसुद्धा बोलत नसेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, कान वाहत असेल, येत असलेले शब्द गेले असतील किंवा दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्याची वाट बघत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (लहान मुलांची वाढ आणि अडचणी तपासणारं सरकारी केंद्र) सगळ्यात आधी कान तपासून घ्या. सोबत कोरकू बोलणारं कुणीतरी न्या. नाहीतर तपासणाराही मराठीत विचारेल आणि मुलगी तिथेही गप्प बसेल.

पॅकेजचे पैसे आईवडिलांनी देऊ नयेत. कान तपासले नाहीत, घरची भाषा विचारली नाही, आणि सहा महिन्यांचा हिशोब मात्र तयार आहे. ही पद्धत मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे आणि तिचा मला संताप येतो.

प्रश्न : आम्ही घरात वारली बोलतो. गावातल्या गुरुजींनी सांगितलं, घरातही शुद्ध मराठीच बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. बायकोला तशी मराठी जमत नाही, म्हणून ती आता मुलाशी कमीच बोलते. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. (वडील, डहाणू तालुका)

तुमच्या पत्रातलं तिसरं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘कमीच बोलते.’ गुरुजींच्या सल्ल्याचा खरा परिणाम तुम्हीच लिहिला आहे. मुलाला मराठी मिळाली नाही आणि आई मात्र गप्प झाली. आजपासून तुमच्या बायकोने मुलाशी वारलीत बोलावं, पूर्वीसारखं, भरपूर. पाणी भरताना, भात निवडताना, रात्री अंगाई म्हणताना. यावर मला कुठलीही तडजोड मान्य नाही.

वारली ही मराठीला जवळची असल्यामुळे लोक तिला ‘अशुद्ध मराठी’ समजतात. ती अशुद्ध काहीच नाही. तिचे स्वतःचे नियम आहेत आणि तुमचा मुलगा ते नियम कुणी न शिकवता पाळतो. मूल पहिल्या पाच-सहा वर्षांत जे शिकतं ते नुसते शब्द नसतात. लहान-मोठं, आधी-नंतर, आत-बाहेर, ‘असं केलं तर तसं होईल’ ही सगळी विचाराची घडण ते घरच्या बोलीत करतं. ही घडण एकदा झाली की दुसऱ्या भाषेत तिला फक्त नवे शब्द लागतात. ती मध्येच मोडली, तर मूल दोन्ही भाषांत अडखळतं. दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो, ही ऐकीव गोष्ट आहे. लहान मुलं दोन काय, तीन भाषाही सहज बोलतात, फक्त त्या बोलणारी माणसं मोकळेपणाने बोलत असली पाहिजेत.

एक प्रसंग सांगते. पावसाळ्यात मी पाड्यावरच्या एका अंगणवाडीत बसले होते. पाच वर्षांची एक मुलगी कोपऱ्यात होती, तिच्या वहीत ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलेलं. तेवढ्यात दारातून एक खेकडा आत आला. मुलं ओरडत पळाली, सेविकाही मागे सरकली. ही मुलगी उठली, खेकड्याच्या मागून गेली, दोन बोटांनी पाठीचं कवच धरून त्याला उचललं आणि उलटा करून पोटाकडची रुंद झापड मदतनीस बाईंना दाखवली. मग वारलीत सांगत सुटली : ही मादी आहे, नराची झापड अरुंद असते, हिच्या पोटाशी पिल्लं असतील, हिला ओढ्यात सोडायची, खायची नाही. निरीक्षण, तुलना, वर्गीकरण, कारण आणि निर्णय, एवढं सगळं तिने एका दमात केलं. तक्त्यावर तिला दाखवलं जात होतं सफरचंद, फ्रीज आणि आगगाडी.

हे सगळं महाराष्ट्राला नवीन असायला नको होतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये तुमच्याच तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांचं साहित्य. इतकी वर्षं उलटल्यावर त्याच परिसरातल्या आईला ‘तुझी भाषा मुलाला मागे पाडेल’ असं सांगितलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

कायदाही गुरुजींच्या बाजूने नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम 350-अ सांगतं. शिक्षण हक्क कायदा 2009 ‘शक्य तिथवर मातृभाषा’ म्हणतो आणि 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही घरच्या भाषेवरच भर देतं. ओडिशाने पंधराहून अधिक वर्षांपूर्वीच दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक वर्ग चालवून दाखवले. आपल्याकडे मात्र घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाव नाही म्हणून भाषेला भाषाच न मानण्याची सवय आहे. त्या अनुसूचीतल्या 22 भाषांत आदिवासींच्या म्हणाव्यात अशा संथाळी आणि बोडो या दोनच, त्याही 2003 च्या घटनादुरुस्तीने आलेल्या. गोंडी बोलणारे 2011 च्या जनगणनेत 29 लाखांहून जास्त होते. ती अजून त्या यादीत नाही.

मग मराठी कधी? अंगणवाडीत, रोज थोडी, कृतीबरोबर. हात धुताना हात धुण्याचं वाक्य. गोष्ट आधी वारलीत, मदतनीस बाई किंवा कुणाची आजी सांगेल. दोन दिवसांनी तीच गोष्ट मराठीत, तीच चित्रं दाखवून. मुलाने वारलीत उत्तर दिलं तर ते बरोबर उत्तर. सेविकेने मान डोलवायची आणि तेच मराठीत म्हणायचं, ‘असं नाही, तसं म्हण’ म्हणायचं नाही. सेविका बाहेरची असेल आणि बोली येत नसेल, तर पहिल्या आठवड्यात मदतनीस बाईंकडून निदान पंचवीस-तीस शब्द लिहून घ्यावेत : भूक, शी, दुखतंय, घरी जायचं, आई, भीती. ‘दुखतंय’ हा शब्द न कळल्यामुळे ताप असलेलं मूल दिवसभर बसून राहिलेलं मी पाहिलं आहे.

गुरुजींशी भांडू नका. पण पुढच्या पालकसभेत अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांसमोर हा विषय काढा आणि एकट्याने न जाता चार पालक मिळून जा.

प्रश्न : मुलीच्या गळ्यात मण्यांची माळ असते. काढून पाठवायची का? (आई, भामरागड तालुका)

नाही. फक्त दोरा मजबूत आहे का ते बघा आणि झोपताना माळ काढून ठेवा. सुटा मणी नाकाकानात गेला तर घरी काडीने काढू नका, दवाखान्यात न्या.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, मुलीला आताच गोंदवून घ्यायचं. ती तीन वर्षांची आहे. (आई, धडगाव तालुका)

गोंदणाची परंपरा मला आवडते. तरीही थांबा म्हणेन. एकाच सुईने अनेकांना गोंदलं तर कावीळ ब आणि एचआयव्ही पसरू शकतो, आणि तीन वर्षांची मुलगी हो-नाही सांगू शकत नाही. ती मोठी होऊन मागेल तेव्हा, प्रत्येकीसाठी नवी सुई वापरून. सासूबाईंना समजवायला आशाताईंना सोबत न्या.

प्रश्न : मोहाची फुलं खाल्ली तर मुलांना नशा येते का? आमच्या सेविका मोह आणि नागलीची (नाचणीची) भाकरी ‘आणू नका’ म्हणतात. शेजारचे लोक मुलांना डब्यातली ताकदीची पावडर देतात. तीच आणावी का? (आई, अक्कलकुवा तालुका)

नशा आंबवून गाळलेल्या दारूत असते, वाळवून भाजलेल्या फुलात नाही. फुलं स्वच्छ आणि नीट वाळलेली असली, बुरशी नसली म्हणजे झालं.

नागली तर आनंदाने द्या. 100 ग्रॅम नागलीत साधारण 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा अगदी थोडा अंश. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात नाचणीची बिस्किटं महाग किमतीला विकली गेली, आणि पाड्यातल्या मुलाच्या हातातली भाकरी मात्र लपवायची, हे मला पटत नाही. सेविकाताईंना माझं सांगणं, एक दिवस ठरवून सगळ्यांच्या घरची भाजी-भाकरी मांडा, रानभाज्यांची नावं मुलांना सांगू द्या.

पावडरीचा डबा घेऊ नका. तेवढ्या पैशांत अंडी, डाळ आणि तेल येतं. मात्र मूल खरंच वाळत चाललं असेल तर भाकरी की पावडर या वादात वेळ घालवू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला, किंवा दोन्ही पावलांवर सूज आली, की ते तीव्र कुपोषण आहे. त्याच दिवशी आरोग्य केंद्र. तिथून गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतील आणि तिथे गेलंच पाहिजे.

प्रश्न : 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन आहे. आमच्या खासगी बालवाडीने ‘आदिवासी ड्रेस’ भाड्याने आणायला सांगितला आहे, पिसं आणि पानांचा. आमचं मूल गोंड आहे. काय करू? (आई, नागपूर)

तो ड्रेस आणू नका. गोंड घरात लग्नाला, सणाला जे नेसतात तेच घालून पाठवा, किंवा रोजचे कपडे घालून पाठवा. पिसांचा मुकुट आणि कमरेची पानं हा भाड्याच्या दुकानाने तयार केलेला माल आहे. त्यात मूल शिकतं ते एवढंच, की आपली माणसं म्हणजे सोंग. हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी 1994 मध्ये ठरवला, कारण 1982 साली याच तारखेला मूळनिवासी समाजांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. तो हक्कांचा दिवस आहे, फॅन्सी ड्रेसचा नाही.

वारली चित्रांचंही तेच चाललं आहे. छापील स्टिकरचे संच विकत घेऊन भिंतीला लावतात आणि ‘संस्कृती झाली’ म्हणतात. वारली घरात लग्नाचा चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) बायका तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहितात, त्याची गाणी असतात, रीत असते. पाड्यातल्या एखाद्या बाईला बोलवा, तिला मानधन द्या, ती भिंतीवर काढत असताना मुलं बाजूला बसू देत. काय काढायचं आणि काय नाही हे तिलाच ठरवू द्या.

ड्रेसविषयी बालवाडीच्या बाईंशी बोलताना मुलाला सोबत नेऊ नका. आणि वर्गात त्याला उभं करून ‘तुमच्यात काय करतात ते सांग’ असं कुणी विचारू नये, हेही त्यांना सांगा.

प्रश्न : मुलीचं घरचं नाव मंगळी, मंगळवारी जन्मली म्हणून. अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये दुसरंच ‘चांगलं’ नाव लिहिलंय. जमातीच्या रकान्यातही काहीतरी वेगळं आहे. आता राहू द्यावं का? (वडील, कर्जत तालुका)

राहू देऊ नका, आणि उद्यावर ढकलू नका. या बाबतीत लोक जो उशीर करतात त्याची किंमत मुलांना विशीत मोजावी लागते.

मंगळी हे पूर्ण, चांगलं नाव आहे. जन्मदाखल्यावर तेच घाला. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नाव नंतर घालता येतं, वर्षभरात विनाशुल्क आणि त्यापुढे 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत हाच दाखला पुरावा म्हणून धरला जातो. म्हणून दाखला, आधार आणि अंगणवाडी, तिन्हीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग असू द्या.

जमातीचं तर त्याहून गंभीर. पुढे जातवैधतेच्या वेळी समिती घराण्याच्या जुन्या शाळानोंदी बघते. ‘कोळी महादेव’च्या जागी नुसतं ‘कोळी’ लिहिलं गेलं म्हणून वर्षानुवर्षं हेलपाटे घालणारी कुटुंबं मला माहीत आहेत. तुम्ही कातकरी असाल तर तसंच, आजोबांच्या कागदावर आहे तसंच लिहून घ्या. ‘पैसे द्या, करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात मूळ कागद देऊ नका. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जा, कागद दाखवा, लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला गुजरातला जातो, होळीनंतर येतो. मुलाचं नाव अंगणवाडीतून कमी होईल का? (वडील, नवापूर तालुका)

निघण्याआधी सेविकेला सांगा, परत आल्यावर नाही. पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप) स्थलांतराची नोंद होते आणि जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत नाव लावता येतं. आधार, लसीकरणाचं कार्ड आणि वजनाची नोंद सोबत ठेवा. तळावर पोहोचल्या आठवड्यातच जवळची अंगणवाडी शोधा. मुकादम ‘इथे काही नसतं’ म्हणाला तरी आशा कार्यकर्तीला विचारा. आणि आजीला गावी ठेवून जात असाल तर मूल तिच्याकडे राहणं बरं की सोबत, हे मुलाचं वय आणि वजन बघून सेविकेशी बोलून ठरवा. दोन वर्षांखालचं, आईचं दूध पिणारं मूल शक्यतो आईजवळच राहावं.

प्रश्न : आमच्या मदतनीस कातकरी आहेत. काही पालक म्हणतात, तिच्या हातचं मुलांना देऊ नका. मी काय सांगू? (सेविका, रायगड जिल्हा)

सांगा, आहार याच शिजवणार. त्यांना स्वयंपाकातून बाजूला करू नका, एका दिवसासाठीही नाही. कोण काय बोललं ते तारखेसह लिहून ठेवा आणि आजच पर्यवेक्षिका व बालविकास प्रकल्प अधिकारी यांना लेखी कळवा. अपमान झाला असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 लागू होऊ शकतो. तालुका विधी सेवा समितीचा सल्ला मोफत मिळतो, तो घ्या. त्या दिवशी तुम्ही स्वतः मुलांच्या पंगतीत बसून जेवा.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे. ओळखीचे म्हणतात, वय वाढवून आश्रमशाळेत टाक, जेवणाची काळजी मिटेल. (आई, भामरागड तालुका)

वय वाढवू नका. पहिलीसाठी सहा पूर्ण हवेत, आणि खोटी तारीख पुढे प्रत्येक कागदावर अडते. त्याहीपेक्षा, पाच वर्षांचं माडिया बोलणारं मूल रात्री अंधारात शी लागली तर कुणाला कोणत्या भाषेत सांगणार?

हे वर्ष अंगणवाडीत काढा. आश्रमशाळेतही बालशिक्षणाची सोय व्हावी असं 2020 चं धोरण म्हणतं, तुमच्या शाळेत ती सुरू झाली आहे का ते आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारा. पुढच्या वर्षी पाठवायचं ठरलंच, तर दाखल्याच्या दिवसाआधी त्याला एकदा शाळा दाखवून आणा : झोपायची जागा, नळ, संडास, स्वयंपाकघर. माडिया बोलणारे शिक्षक, अधीक्षक किंवा स्वयंपाकी कोण आहेत ते विचारून मुलाची त्यांच्याशी ओळख करून द्या. गावातला मोठ्या वर्गातला एखादा मुलगा असेल तर दोघांना जवळजवळ झोपू देण्याची विनंती करा. पहिल्या महिन्यात भेटीच्या दिवसाची वाट न बघता अधीक्षकांची परवानगी घेऊन जा. जाल तेव्हा त्याच्याशी माडियातच बोला आणि रात्री झोप लागते का, अंथरूण ओलं होतं का, पोटात दुखतं का, हे आधी विचारा. यातलं काही असेल तर अधीक्षकांना त्याच दिवशी सांगा आणि मुलाला डॉक्टरांना दाखवा.